मागून म्हणणारी

हवापालटासाठी लोक महाबळेश्वरला जातात. मी भर दुष्काळात, आषाढ कोरडा ठणठणीत असताना, नांदेडहून देवणीकडे गेले. परत आल्यावर शाळेतल्या सहकारी बायकांनी विचारलं, तिकडं पाहण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, काही नाही. खरं तर सांगण्यासारखं बरंच होतं, पण मधल्या सुट्टीत डबा खाता खाता सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी कारण सांगते. आमचे हे गेले त्याला वर्ष होत आलं होतं. मुलगी लग्न होऊन कल्याणला. घरात मी एकटी. आमच्या घरी रोज संध्याकाळी दिवा लावून बुद्धवंदना व्हायची. हे पुढे एक ओळ म्हणायचे, मी ती मागून म्हणायची. लग्न झालं त्या आठवड्यापासून हाच रिवाज. वंदना मला तोंडपाठ आहे, पण मागून. हे गेल्यावर पहिल्या संध्याकाळी दिवा लावून बसले आणि पहिला शब्द निघेना. 'नमो' एवढाच तर शब्द. तो छातीशी येऊन अडायचा, मग श्वासही अडायचा, आणि मी दिव्याकडे बघत तशीच बसायची. शेवटी दिवा लावणंच सोडलं. शाळेत चाळीस पोरांच्या डोक्यावरून ओरडणारी मी, घरात एका शब्दाला महाग झाले होते.

डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, काही निघालं नाही. प्राणायाम शिका म्हणाले. वस्तीत हे कळल्यावर धाकटे दीर घरी आले. "वहिनी, बुद्धाचं ध्यान काय कमी पडलं का तुम्हाला? योग ते त्यांचं हाय," म्हणाले. श्वासाला जात नसते, असं मी त्यांना ऐकवलं. ऐकवलं खरं, पण तेव्हा माझंच मला पटलेलं नव्हतं. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी परकर नेसत होते. ज्या गोष्टी त्यांनी घराबाहेर काढल्या त्यातली एखादी मी मागच्या दाराने आत आणते आहे की काय, ही टोचणी होतीच.

आमच्या शाळेत पूर्वी ड्रिलचे एक मास्तर होते. निवृत्त होऊन देवणीच्या अलीकडे आपल्या गावी गेले आणि तिथे योगाचे वर्ग घेऊ लागले. माणूस माझ्या ओळखीचा आणि सरळ. मी रजा टाकली आणि निघाले.

मुखेड

एसटी कंधारवरून मुखेडला आली तेव्हा तिथला आठवडी बाजार भरला होता. धान्याच्या ओळीत माणूस नव्हतं आणि जनावरांच्या ओळीत पाय ठेवायला जागा नव्हती. विकायला आणलेले बैल खाली मान घालून उभे होते. त्यांचे मालक त्यांच्याकडे न बघता एकमेकांशी बोलत होते.

इथेच माझी फजिती झाली. फिरकीचा तांब्या मी कपड्यांच्या पिशवीत ठेवला होता. त्याची फिरकी सैल झाली आणि पाणी सीटखालून वाहू लागलं. एरवी कुणी म्हणालं असतं, बाई, लुगडं भिजलं तुमचं. इथे अख्खी गाडी पाण्याकडे बघत राहिली. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, खाली टिपलं आणि तेच ओलं उपरणं तोंडावरून, मानेवरून फिरवलं. "वाया कशाला घालायचं," म्हणाले. मग मी पिशवीतले धपाटे काढले, त्यांना दोन दिले, आणि पाण्यावाचून आम्ही दोघांनी ते कसेबसे घशाखाली उतरवले.

पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोजगार हमीची कामं चालली होती. बायका खडी फोडत होत्या. काळ्या रानाला अशा भेगा की बघणाऱ्याचा पाय दचकावा. उदगीरजवळ एका शाळेची पाटी दिसली. लातूर जिल्हा होऊन दोनेक वर्षं झाली होती. पाटीवरच्या 'उस्मानाबाद'वर पांढरा रंग मारून वर 'लातूर' लिहिलं होतं, आणि उन्हानं रंग उडून खालचं नाव पुन्हा डोकं वर काढत होतं. आजोबा म्हणाले, आम्ही आधी बिदरमध्ये होतो, मग उस्मानाबादेत, आता लातुरात. "जिल्हे बदलून राहिले, इहिरीला पाणी न्हाई ते न्हाईच."

देऊळ

गावाचं नाव मी लिहीत नाही. लहान गाव आहे, माणसं ओळखू येतील. मास्तर स्टँडवर आले होते. कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगात तीच जुनी खाकी हाफपँट आणि गळ्यात शिट्टी. माझी उतरायची सोय त्यांनी गंगाबाईंकडे केली होती. गंगाबाई म्हणजे कुणब्याघरची, माझ्याच वयाची बाई. नवरा बैल घेऊन चाऱ्याच्या छावणीवर राहायला गेलेला, मुलं लातूरला शिकायला. तिने मला जेवायला वाढलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि करडईच्या तेलाची धार. मग समोर बसून सरळ विचारलं, "बाई, तुमी कुणाच्या?" आमच्याकडे हा प्रश्न कुठल्या उत्तरासाठी विचारतात हे मला चांगलं ठाऊक आहे. मी सांगितलं, आम्ही बौद्ध. ती "हाव का" म्हणाली आणि अजून अर्धी भाकरी वाढली. मी मनात म्हटलं, सुरुवात तर बरी झाली.

वर्ग महादेवाच्या देवळाच्या सभामंडपात होता. सकाळी वीसेक बायका चटया घेऊन आल्या. मास्तरांचा योग म्हणजे ड्रिलच. हात वर, शिट्टी. हात खाली, शिट्टी. शवासनात सगळ्या डोळे मिटून प्रेतासारख्या पडल्या असताना त्यांनी शिट्टी मारली आणि एक म्हातारी घाबरून उठून बसली. मी खूप दिवसांनी हसले.

हसू फार टिकलं नाही. आरंभ ओंकाराने, आणि सूर्यनमस्काराला सूर्याची एकेक नावं. देवांना न भजण्याच्या, दीक्षेच्या प्रतिज्ञा मला पाठ आहेत. मी ओठ मिटून नुसती वाकत राहिले. वर्ग सुटल्यावर मास्तरांकडे गेले आणि जे होतं ते सांगितलं. ते थोडा वेळ शिट्टी चाचपत राहिले. मग म्हणाले, "नाव घेऊ नका, बाई. श्वास घ्या." त्यांनी मला वेगळं बसवून प्राणायाम शिकवला. त्यांचं म्हणणं असं की आपण सगळे श्वास घ्यायच्या मागे लागतो. सोडायचा पूर्ण, सावकाश, शेवटपर्यंत. मग आतला आपोआप येतो, त्याला आमंत्रण लागत नाही. मला ते जमेना. अर्ध्यावर सोडून मी घाईने पुढचा ओढायची. जाणारा परत येणारच नाही असं मला वाटत असावं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या चटईच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहू लागली. कुणी बोललं नाही, नाक मुरडलं नाही. सगळ्या हसून 'या बाई' म्हणायच्या आणि पलीकडे जाऊन बसायच्या. गंगाबाई वर्गाला येत नव्हती, तेव्हा हे तिने पाहिलं नाही. मीही सांगितलं नाही. चाळीस पोरांत राहणारीला एवढ्या मोकळ्या जागेची सवय नव्हती.

तांब्याची कळशी

टँकर एक दिवसाआड यायचा, आला तर. एका सकाळी वर्गाहून आले तेव्हा घसा सुकला होता. माठ रिकामा. चुलीमागच्या फळीवर लखलखीत घासलेली तांब्याची कळशी होती, वर झाकण. मी हात पुढे केला. गंगाबाईने धावत येऊन माझं मनगट धरलं.

"तिला नगा शिवू, बाई."

बस, एवढंच. मला पुढचं ऐकायची गरज वाटली नाही. हे वाक्य मी लहानपणी विहिरीवर ऐकलं आहे, नोकरीच्या पहिल्या गावी ऐकलं आहे, वेगवेगळ्या आवाजांत ऐकलं आहे. तिने बाहेरून कुठूनतरी पेलाभर पाणी आणून दिलं, ते मी प्यायले नाही. पिशवी भरली, येते म्हटलं आणि निघाले. ती दारात उभी राहून "अहो बाई, झालं काय" म्हणत होती. मी मागे पाहिलं नाही. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर रागापेक्षा वाईट वाटलं होतं. तिने वाढलेली ती अर्धी भाकरी मी मनात जपून ठेवली होती.

परतीची एसटी दुसऱ्या दिवशी. मी आमच्या लोकांची वस्ती विचारत गावाच्या खालच्या अंगाला गेले. पहिल्याच घरासमोर एक म्हातारी तुराट्या मोडत बसली होती. मी जयभीम घातला. तिने मान वर करून मला न्याहाळलं, हात जोडून जयभीम केला आणि नाव-गाव काही न विचारता घोंगडी अंथरली. ही शेवंतामाय.

दुपार कलताना वरून गलका ऐकू आला. आम्ही वस्तीच्या टोकाला जाऊन पाहिलं. गावातल्या बायका अनवाणी, डोक्यावर तांब्याच्या कळशा घेऊन देवळाकडे निघाल्या होत्या. पुढे गंगाबाई, आणि तिच्या डोक्यावर तीच कळशी. शेवंतामाय म्हणाली, महादेव कोंडायला निघाल्यात. पाऊस ओढला की गाभारा पाण्यानं भरतात, पिंड बुडवतात, दार लावून घेतात. देव गुदमरला की पाऊस सोडतो. त्यासाठी घरोघर रोजच्या पाण्यातलं पेला-पेला काढून एक कळशी वेगळी ठेवतात. ज्या दिवसापासून ती ठेवली, त्या दिवसापासून तिला घरातलं कुणीसुद्धा शिवत नाही. तापानं फणफणलेल्या माणसालाही त्यातलं पाणी देत नाहीत.

मी शेवंतामायला मनगटाची गोष्ट सांगितली. ती तुराटीसारखं कोरडं हसली.

"गंगाबाईचं तसं न्हाई, पोरी. तू उगंच निघून आलीस." मग म्हणाली, "पर आपली कळशी तिथं चालत न्हाई, ते बी खरं हाय."

दोन्ही वाक्यं खरी होती. मला एकाच वेळी शरमही वाटली आणि रागही आला, आणि दोन्ही घेऊन मी त्या रात्री घोंगडीवर पडून राहिले.

समाजमंदिर

सकाळी मास्तरच शोधत आले. गाभारा भरलेला, सभामंडपात भजनाचा पहारा बसलेला. वर्गाला जागा उरली नव्हती. गावात दुसरं छप्पर म्हणजे वस्तीतलं समाजमंदिर, नुकतंच बांधलेलं, पत्र्याचं. मास्तरांनी शेवंतामायला विचारलं. ती म्हणाली, घ्या की, पर आधी झाडून घ्या. मास्तरांनी स्वतः झाडलं. मी एसटीचा विचार सोडून चटई अंथरली.

वीसेक बायकांपैकी एकही आली नाही. कुणाची सून अडली होती, कुणाचं पोट बिघडलं होतं. मास्तर दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते. त्यांना वाईट वाटल्याचं त्यांच्या पाठीवरून कळत होतं. शेवटी ते आत आले आणि मी आणि नऊवारीचा काचा मारून बसलेली शेवंतामाय अशा दोघींसाठी त्यांनी पूर्ण दमात शिट्टी मारली. ओंकार त्यांनी स्वतःच वगळला. शेवंतामायला पद्मासन माझ्याआधी जमलं.

अर्धा वर्ग झाल्यावर गंगाबाई आली. उंबऱ्याबाहेर चप्पल काढून तिथेच थांबली.

"आत आलं तर चालंल का?"

शेवंतामाय क्षणभर तिच्याकडे बघतच राहिली. साठ-पासष्ट वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न तिने बहुधा बाहेर उभं राहून विचारला होता, आत बसून ऐकला नव्हता. ये की, म्हणाली आणि स्वतःच्या चटईवर सरकून जागा केली.

वर्ग झाल्यावर मी गंगाबाईला सगळं सांगितलं, कळशीचं आणि मला काय वाटलं त्याचं. "मला वाटलं, तुमाला ठाव हाय," म्हणाली. कसं ठाऊक असणार? ज्या देवळात आमची कळशी जात नाही तिथले नेमधर्म आम्हाला कोण सांगणार? हे मी बोलले नाही, पण ते तिला दिसलं असावं. तिने विषय बदलला. समोरच्या बुद्धमूर्तीकडे बघून विचारू लागली, याला पाण्यात ठेवत न्हाईत का तुमी? मी म्हटलं, हा देव नाही, पाऊस पाडत नाही, नवस घेत नाही, रागावत नाही.

"मग हात कशापायी जोडता?"

मी शिकलेली. माझ्या तोंडी उत्तराला आदर, कृतज्ञता असले शब्द येऊ लागले. त्याआधीच शेवंतामाय बोलली.

"वाट दावली म्हणून. चालायचं आपलं आपल्यालाच."

गंगाबाईने मान हलवली. पटलं म्हणून की नाही, ते कळलं नाही. जाताना म्हणाली, आमच्या देवाला तर कोंडून ठेवलंय, आता तोच सुटायची वाट बघून राहिलाय. आम्ही तिघी हसलो.

त्या दिवशी आषाढी पौर्णिमा होती. आमच्याकडे त्या दिवसापासून भिक्खूंनी पावसाळाभर एका जागी राहायचा वर्षावास सुरू होतो. वर्षेचा पत्ता नव्हता, पण पौर्णिमा काही चुकत नाही. दिवेलागणीला वस्तीतल्या बायका पांढरी लुगडी नेसून समाजमंदिरात जमल्या. पुरुष जवळजवळ नव्हतेच, सगळे लांबच्या तलावाच्या कामावर. वंदना सांगणारा माणूसही तिकडेच. दिवा लागला आणि सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या.

"बाई, तुमी म्हणा. आमी मागून म्हणतो," शेवंतामाय म्हणाली.

मला मागून येतं, असं त्यांना सांगणार होते. पण त्या सगळ्याच मागून म्हणणाऱ्या होत्या. त्यांचेही पुढचे आवाज कुठेतरी माती उपसत होते. मी हात जोडले. तोंड उघडलं आणि शब्द जिथे अडायचा तिथेच अडला. एक बाळ रडलं, कुणीतरी त्याला पदराखाली घेतलं. सगळ्या थांबल्या होत्या. आज हे जमलं नाही तर पुन्हा कधीच जमणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी ओढाताण सोडून दिली. होता नव्हता तेवढा श्वास बाहेर सोडला, शेवटपर्यंत, अगदी पोट पाठीला लागेपर्यंत. आणि मग थांबले. भीती वाटली. आणि मग तो आला, मी न बोलावता, आणि त्याच्यावर बसून 'नमो' बाहेर पडला. आवाज चिरका होता. पण ओळ पुरी झाली.

मागून तीस-चाळीस बायकांचा आवाज उठला. पत्र्याला लागून तो माझ्या पाठीवर आला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी पुढची ओळ घेत होते. ते पुसायलाही मी थांबले नाही.

परत

एसटीवर गंगाबाई आणि शेवंतामाय दोघी आल्या. वेगवेगळ्या वाटांनी आल्या आणि वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. मधला थोडा वेळ तिघी एका झाडाखाली उभ्या होतो. मास्तरांनी रोज करा, नागा पाडू नका, असं दरडावून सांगितलं. पाऊस आला नव्हता. उदगीरमध्ये गाडी बदलताना सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, खाल्ली, तिखट लागली, पाणी मागायचा संकोच वाटला.

नांदेडला पोचले त्या संध्याकाळी मी घर झाडलं आणि वर्षभरानं दिवा लावला. श्वास सोडला, वाट पाहिली, आणि पहिली ओळ आली. अगदी नीट आली. ओळ संपवून मी थांबले, समाजमंदिरात थांबत होते तशी, मागच्या आवाजासाठी. मागे कुणी नव्हतं.

तेव्हा मला कळलं. हेसुद्धा प्रत्येक ओळीनंतर असेच थांबायचे. इतकी वर्षं मला वाटायचं, ते दम घेतात. ते मला ऐकत होते.

मी दिव्याची वात पुढे सारली. मग तीच ओळ हळू आवाजात मागून म्हटली. आता रोज मी प्रत्येक ओळ दोनदा म्हणते. एकदा त्यांच्या जागी, एकदा माझ्या.